तंबू कुठे ठोकायचा, हे कुणी ठरवलं?

अमेरिकेतल्या एखाद्या राष्ट्रीय उद्यानात तंबूत मुक्काम करायचा, तर बहुतेक ठिकाणी आधी मोबाइलवर जागेचा नंबर निवडावा लागतो. नकाशावर एक गोल फिरून येणारा रस्ता दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नंबर दिलेल्या छोट्या जागा. प्रत्येक जागेत गाडी लावायला एक तिरका फाटा, एक जड टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं आणि तंबूपुरती सपाट जमीन. माणूस जंगलात जातो तो मोकळं वाटावं म्हणून. मग तिथे ही सोसायटीच्या पार्किंगसारखी आखणी कशाला?

कारण त्याआधी काहीच आखणी नव्हती, आणि त्याची किंमत झाडं मोजत होती.

१९१३ साली कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत मोटारींना परवानगी मिळाली. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली होती. लोक गाडीत तंबू, भांडी, मुलं भरून निघायचे आणि चाक जाईल तिथे मुक्काम ठोकायचे. कुरणात, नदीकाठी, थेट झाडाच्या बुंध्याशी. जागा खराब झाली की पुढची धरायची. तेव्हा कॅम्पसाइट म्हणजे एवढंच.

वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलिओ माइनेके यांनी १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या वनांमध्ये पर्यटकांमुळे काय होतंय ते तपासलं. कुऱ्हाड किंवा आग यांचं नुकसान लगेच दिसतं. माइनेकेंना दिसलं ते वेगळं होतं. पावलांनी आणि चाकांनी माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत हवा आणि पाणी शिरत नाही. बारीक मुळं आधी मरतात, झाड मात्र वरून बरीच वर्षं हिरवंच दिसतं. ते वाळतं तेव्हा तिथे तंबू टाकून गेलेला माणूस कधीच घरी पोचलेला असतो. त्यामुळे दोष कुणालाच लागत नाही.

१९३२ साली माइनेकेंनी यावर उपाय मांडला. लोकांना येऊ द्या, पण गाडीचं चाक कुठे थांबेल ते आपण ठरवा. रस्ता एकेरी आणि गोल. गाडीसाठी तिरका फाटा, दोन्ही बाजूंना मोठे धोंडे किंवा ओंडके, म्हणजे गाडी पुढे सरकणारच नाही. टेबल आणि चूल एका जागी पक्की, म्हणजे माणसं ठरलेल्या वाटेनेच वावरतील. मधली झुडपं तशीच राखायची, म्हणजे आडोसाही मिळेल. मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देणारी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ १९३३ साली सुरू झाली आणि या तरुणांच्या हातांनी हा आराखडा देशभर उतरला. आज जगात कुठेही गोल रस्त्याचं कॅम्पग्राउंड दिसलं, तर त्यात माइनेकेंचा थोडा वाटा असतोच.

पण जागा नेमून देण्याचा अधिकार एकदा हातात आला, की तो फक्त चाकांपुरता राहत नाही.

व्हर्जिनियातलं शेनंडोआ उद्यान १९३५ साली स्थापन झालं. त्यासाठी डोंगरात राहणाऱ्या शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली. राज्यात वर्णभेदाचे कायदे होते आणि उद्यान खात्याने तीच रीत पुढे चालवली. १९३९ साली लुईस माउंटन इथे कृष्णवर्णीयांसाठी वेगळं कॅम्पग्राउंड, केबिन आणि भोजनगृह उघडलं. रस्त्यावरच्या पाटीवर ते कुणासाठी आहे हे स्पष्ट लिहिलं होतं. १९५०पर्यंत ही विभागणी संपली. लुईस माउंटन आजही चालू आहे. त्या उद्यानातलं ते सगळ्यात लहान कॅम्पग्राउंड.

योसेमिटीतल्या ‘कॅम्प ४’ची गोष्ट याच्या उलट वाटते. इथे गाडी लांब लावून सामान पाठीवर आणायचं असतं आणि जागा अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यायची असते. १९५०-६०च्या दशकांत रॉयल रॉबिन्ससारखे प्रस्तरारोहक इथेच राहायचे. पुढे ‘पॅटागोनिया’ कंपनी काढणारे इव्हॉन शुइनार्डही त्यांच्यातलेच. १९९७च्या पुरानंतर या भागात नव्या इमारती बांधायचं ठरलं, तेव्हा गिर्यारोहक कोर्टात गेले. २००३ साली कॅम्प ४ची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली.

त्याच कॅम्पच्या पश्चिमेला आणखी एक वस्ती होती. १८५१ साली सशस्त्र तुकडीने ज्यांना या खोऱ्यातून हुसकलं, त्या मूळनिवासींच्या वंशजांसाठी १९३०च्या दशकात तिथे लहान घरं बांधली होती. नंतर नियम झाला, की उद्यानात कायम नोकरी असेल त्यांनीच राहायचं. १९६९ साली उरलेली घरं पाडली गेली. पाहुण्यांच्या तंबूंना इतिहास म्हणून संरक्षण मिळालं. ज्यांचं ते घर होतं, त्यांना आपल्याच जागी पुन्हा गाव उभारण्यासाठीचा करार २०१८ साली मिळाला.

आता प्रकार पुष्कळ आहेत. मोठ्या गटांसाठी वेगळ्या जागा. आतल्या जंगलात पायी जाणाऱ्यांसाठी परवाने, तेही मोजून. वन खात्याच्या जमिनीवर टेबल नाही, नळ नाही, संडास नाही अशी मोकळी जागा, जिथे सहसा १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. प्रत्येक प्रकारामागे दोन प्रश्न असतात: ही जमीन किती भार सोसेल, आणि इथे कुणी यावं? पहिल्याचं उत्तर माइनेकेंनी माती तपासून दिलं. दुसऱ्याचं उत्तर माती देत नाही. ते माणसंच ठरवतात, आणि पाटी लावून मोकळी होतात.