वर्गणीवर धावलेली मॅरेथॉन

1919 साल. कडेगावातून भल्या पहाटे निघालेली बैलगाडी तुम्हाला कराडच्या स्टेशनात सोडते. तुमच्या गावाचा स्वतःचा तालुका अजून व्हायचा आहे. आत्ता तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे. गेल्या वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीनं घराघरांतली माणसं नेली, पावसानंही पाठ फिरवली. अशा दिवसांत कुणापुढे वर्गणीची वही धरायची तर हात जड होतो.

तो जडपणा तुमच्या ओळखीचा आहे. येत्या जानेवारीत तुम्ही मुंबईला आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावणार आहात, मुलींच्या एका वसतिगृहासाठी पैसे उभे करणार आहात. पायांची काळजी आहेच, पण रात्री जाग येते ती दुसऱ्याच प्रश्नानं. लोकांनी पैसे दिले आणि मी निम्म्यात बसलो तर? याच प्रश्नापायी तुम्ही शंभर वर्षं मागं आला आहात.

मीटरगेजच्या गाडीतून पुण्याला उतरा आणि डेक्कन जिमखान्याचं मैदान गाठा. आज खेळांचे सामने आहेत. खुर्च्यांच्या रांगेत जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा बसलेत, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड पाहुणे म्हणून आलेत. तुम्ही मात्र दोरीच्या अलीकडे, गर्दीत उभे राहा. इथून पाय दिसतात. धावणारी पोरं बहुतेक शेतकऱ्यांची, रोज रानात राबणारी, भाकरतुकड्यावर वाढलेली. पायात काही नाही. युरोपातले नियम त्यांना कुणी सांगितलेले नाहीत, शास्त्रशुद्ध सराव तर दूरच. तरी लांब पल्ल्याची शर्यत संपते आणि दोराबजी वेळ पाहून थबकतात. युरोपातल्या धावपटूंच्या शेजारी मांडावी अशी ती वेळ आहे.

पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक भरणार आहे. यातले तीन चांगले धावपटू तिकडे पाठवायची व्यवस्था मी करतो, असं दोराबजी सांगतात. बातमी पुण्यात फिरते आणि लोकांच्या मनात येतं, तीनच का? पुरा संघ पाठवू. मग समिती बसते, सरकारकडे अर्ज जातात, वर्गणी सुरू होते. माहिती किती तोकडी होती याचा एक किस्सा सांगतात: शंभर मीटरला पात्र ठरायला किती वेळ लागत असेल, असं विचारल्यावर जिमखान्यातल्या एका जाणत्या सभासदानं उत्तर दिलं, एक-दोन मिनिटं. मला हा किस्सा फार मोलाचा वाटतो. कारण माहिती नव्हती तरी पैसे निघाले. देणाऱ्यांपैकी कितीजणांना अँटवर्प नकाशावर दाखवता आलं असतं? त्यांनी मैदानात पोरांना पळताना पाहिलं होतं, तेवढं त्यांना पुरलं.

जून 1920. मुंबईच्या बंदरातून बोट सुटते. संघात सहाजण. मॅरेथॉन धावणारे दोघे तुम्ही नीट पाहून ठेवा: बेळगावचा फडेप्पा दारेप्पा चौगुले आणि साताऱ्याचा सदाशिव दातार. दातार म्हणजे तुमच्याच जिल्ह्याचा माणूस. आधी इंग्लंडमध्ये सराव होतो. 1 ऑगस्टला मुंबईत लोकमान्य टिळक जातात. ही पोरं तेव्हा समुद्रापार आहेत.

22 ऑगस्ट. अँटवर्प. महायुद्ध संपून दोन वर्षंही झालेली नाहीत. स्टेडियमवर पाच कड्यांचा झेंडा आहे, ऑलिंपिकमध्ये तो याच वर्षी पहिल्यांदा फडकतोय. हवा गार, वर पावसाची भुरभुर. माणदेशाच्या कडेला, उन्हात वाढलेल्या तुम्हाला हुडहुडी भरते. आजचा पल्ला 42.75 किलोमीटरचा, म्हणजे जानेवारीत तुम्हाला जेवढं धावायचं आहे त्याहून 555 मीटर जास्त. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सगळ्यांत लांब मॅरेथॉन.

अडीच तास उलटतात. पहिला आत येतो फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, 2 तास 32 मिनिटं 35 सेकंदांत. त्याच्यामागं अवघ्या तेरा सेकंदांत एस्टोनियाचा युरी लोसमान. तिसरा इटलीचा व्हालेरिओ आर्री, तो तर रेषा ओलांडून आनंदानं कोलांट्या मारतो. तुम्ही मोजत राहा. दहा. पंधरा. अठरा. आणि एकोणिसावा चौगुले! 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद. ज्या देशात मॅरेथॉनची रीतसर तयारी कशी करतात हे सांगणारं कुणी नव्हतं, तिथला माणूस विजेत्यानंतर अठरा मिनिटांनी आत आला. घसा फुटेस्तोवर ओरडा, आजूबाजूला कुणी बघणार नाही.

आता दातारची वाट पाहा.

माणसं येत राहतात, मग विरळ होतात, मग थांबतात. दातार येत नाही. निकालात त्याच्या नावापुढे शर्यत अपुरी अशी नोंद पडते. साताऱ्याहून इथवर, बोटीचं भाडं, खाणंपिणं, सराव, सगळं दुसऱ्यांच्या पैशावर, आणि रेषा राहिली. तुमची झोप मोडणारी भीती ती हीच. म्हणून घाईनं परत फिरू नका. पुढं काय होतं ते बघायला चार वर्षं पुढं या. 1924 मध्ये दिल्लीला अखिल भारतीय सामने भरतात, पुन्हा पैसा उभा राहतो आणि पॅरिसला मैदानी खेळांसाठी आठजणांचा संघ जातो. अँटवर्पहून एकही पदक आलं नव्हतं. तरी लोकांनी पुन्हा दिलं.

घराकडे येताना कराडला जरूर उतरा, साल 1952. गोळेश्वरचा पैलवान खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघायचा आहे. चार वर्षांपूर्वी लंडनला तो सहावा आला होता, पदकाविना परतला होता. तरी गावकरी पैसे गोळा करतात, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे करतात. योगायोग असा की याच हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झातोपेक आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन धावतो आणि जिंकतो. पण तुमची नजर आखाड्यावर असू द्या. खाशाबा कांस्यपदक घेऊन येतो, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघते. मिरवणूक सरली तरी तुम्ही थांबा. यानंतर खाशाबा कोल्हापुरात कुस्त्या लावतो, स्वतः लढतो, जिंकतो आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवून देतो. पदकापेक्षा ही कुस्ती माझ्या काळजाच्या जास्त जवळ आहे. अंगातल्या ताकदीचे पैसे करून ते दुसऱ्याच्या घरासाठी दिले. तुम्ही जानेवारीत जे करणार आहात, ते याहून वेगळं काय?

या आता कडेगावात, आपल्या काळात. 2004 पासून मुंबई मॅरेथॉन धावली जाते, आज तिच्या नावापुढे टाटांचंच नाव आहे, आणि दरवर्षी अनेक धावणारे तिच्या निमित्तानं संस्थांसाठी पैसे उभे करतात. आज संध्याकाळी तुम्ही पहिल्या दाराशी उभे राहा. ज्या गावात हिंदू-मुसलमान मिळून मोहरमला गगनाला भिडणारे ताबूत उभारतात, तिथं दहा घरांनी मिळून एखादं काम उभं करणं काय असतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

आत्याबाई कपाळाला आठी घालून विचारतील, "आणि मधीच दमलास म्हंजी? आमचं पैसं बुडालं का?"

सांगा त्यांना, "नाही आत्या. पैसे थेट वसतिगृहाच्या खात्यात जातात, शर्यतीच्या आधीच. मी कुठंही थांबलो तरी पोरींची फी भरलेली असेल."

आणि पावती लगेच त्यांच्या हातात द्या.