दहापैकी दहा

आपल्याकडे नवी गाडी घेतली की पेढे वाटतात. अमेरिकेत फॉर्म भरतात.

२००६ साली मी इथे पहिली कोरी गाडी घेतली. त्याआधीच्या दोन्ही सेकंडहँड, त्यामुळे शोरूमचे रीतिरिवाज ठाऊक नव्हते. चार तास घासाघीस झाली, हात दुखेपर्यंत सह्या झाल्या, आणि किल्ली हातात ठेवण्याआधी सेल्समनने ड्रॉवरमधून एक लॅमिनेट केलेला कागद काढला. वीस-बावीस प्रश्न, आणि प्रत्येकासमोर १० या आकड्यावर पिवळा हायलायटर. म्हणाला, "कंपनीकडून तुला हा फॉर्म येईल. एक लक्षात ठेव, आमच्याकडे नऊ म्हणजे नापास."

मला वाटलं गंमत करतोय. मी मराठी शाळेतला. आमच्या बाईंनी निबंधाला दहापैकी सात दिले तर ती वही आई शेजारच्या काकूंना दाखवायची. पैकीच्या पैकी फक्त गणितात, तेही नशिबात असेल तर. तेव्हा फॉर्म आल्यावर मी सढळ हाताने सगळीकडे आठ दिले.

काही दिवसांनी सेल्समनचा फोन. आवाज चढलेला नव्हता. फक्त एवढंच विचारलं, "माझं काय चुकलं?" त्याचा त्या महिन्याचा बोनस गेला होता. त्याच्या टेबलावर तान्ह्या मुलीचा फोटो होता, तो मला नेमका तेव्हा आठवला. काय बोलावं सुचेना. चुकलं काहीच नव्हतं हो!

ही भानगड सुरू कुणी केली हे मग मी वाचायला घेतलं.

मूळ पुरुष म्हणजे जेम्स डेव्हिड पॉवर (तिसरे). जन्म १९३१, गाव मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर. आधी फोर्डमध्ये, मग जनरल मोटर्सचं काम करणाऱ्या एका संशोधन कंपनीत नोकरी. तिथे त्यांनी पाहिलं की ग्राहक जे बोलतो ते साहेबांच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर पार गुळगुळीत होतं. साहेबाला जे ऐकायचं तेच अहवालात. (हे वाचून कुणाला आपलं ऑफिस आठवलं तर तो योगायोग समजू नये.) १९६८ साली त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःचा धंदा काढला. ऑफिस म्हणजे घरचं स्वयंपाकघर. पत्नी जुली टेबलावर बसून आलेल्या फॉर्मांची बेरीज करायची. उत्तर यावं म्हणून प्रत्येक फॉर्मला पंचवीस सेंटचं नाणं चिकटवलेलं असे. लोकांना फुकट घेतलेल्या पावलीचं ओझं वाटतं, हे या माणसाला बरोबर कळलं होतं. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत होती टोयोटा, जिला तेव्हा डेट्रॉइटमध्ये कुणी हिंगलत नव्हतं.

नाव झालं ते १९७३ साली. त्या काळात माझ्दाच्या रोटरी इंजिनाची मोठी हवा होती, जनरल मोटर्सनेही त्याचं लायसन्स घेऊन ठेवलं होतं. पॉवर यांनी थेट मालकांनाच विचारलं, आणि निघालं काय, तर तीस हजार मैलांपलीकडे गेलेल्या गाड्यांत साधारण पाचातल्या एकीचं इंजिन बिघडलं होतं. कारण एक रबरी सील, ओ-रिंग. बातमी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये आली आणि खळबळ उडाली. इंजिनियर म्हणून मला हा भाग फार आवडतो. कारखान्यातल्या कुठल्या चाचणीने नव्हे, तर पावली चिकटवलेल्या फॉर्मने ते सील गावभर केलं. लोकांनी खरं लिहिलं, कारण खोटं लिहायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

१९८१ साली पॉवर यांच्या कंपनीने ग्राहक-समाधानाचा निर्देशांक काढला, म्हणजे कुठल्या कंपनीचं गिऱ्हाईक किती खूश याची क्रमवारी. १९८४ मध्ये सुबारूने सुपर बोलच्या जाहिरातीत आपला नंबर सांगितला, आणि चक्र फिरलं. तोवर हा आकडा कंपनीच्या आतल्या लोकांनी वाचून शहाणं व्हायचा होता, आता तो मिरवायचा झाला. पहिला नंबर आला तर तो जाहिरातीत वापरायला कंपन्या पॉवर यांनाच पैसे मोजू लागल्या! आपल्याकडेही २००० नंतर अनेक वर्षं मारुतीने हाच पहिला नंबर जाहिरातींतून मिरवलेला वाचकांना आठवत असेल.

मोजण्याच्या गमतीही आहेत. पहिल्या नव्वद दिवसांत शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, असा एक वेगळा अभ्यास निघतो. २००३ साली त्यात सरासरी १३३ होती आणि हमर सगळ्यात तळाला, २२५. कारण काय? बऱ्याच मालकांची तक्रार होती की गाडी पेट्रोल फार पिते. रणगाड्याचा भाऊ घ्यायचा आणि मायलेज विचारायचं!

पण सेल्समनच्या पोटाचा संबंध येतो तो कंपन्यांच्या स्वतःच्या फॉर्मांमुळे. अमेरिकेत गाडी विकतो तो स्वतंत्र डीलर. कंपनी त्याला नोकरासारखं हुकूम सोडू शकत नाही, पण गुण आणि पैसे यांची गाठ मारू शकते. उघड उदाहरण फोर्डचं. २००० साली त्यांनी 'ब्लू ओव्हल' योजना आणली. ग्राहक-समाधानाच्या अटींत बसणाऱ्या डीलरला गाडीच्या छापील किमतीच्या सव्वा टक्का जादा. वीस हजारांच्या गाडीवर अडीचशे डॉलर, म्हणजे किरकोळ रक्कम नव्हे. काही डीलर कोर्टात गेले आणि २००५ मध्ये योजना गुंडाळली. अशी गाठ दुसरीकडेही मारलेली असते. वरचा दोर ओढला की खाली सेल्समनची मान आवळते.

आणि माझे आठ? त्याचाही हिशेब सापडला. फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न पुरेसा असल्याचं मांडलं: तुम्ही आमची शिफारस मित्राला कराल का? ० ते १० मध्ये उत्तर द्या. ९-१० देणारे समर्थक, ० ते ६ विरोधक, आणि ७-८ वाले कुणीच नाहीत, ते वजाबाकीत धरतच नाहीत. ज्याला मी कौतुक म्हणत होतो त्याची किंमत तिथे शून्य. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ सालीच चलनधोरणाबद्दल लिहिताना बजावलं होतं की ज्या आकड्याला धरून तुम्ही लगाम खेचता तो आकडा भरवशाचा राहत नाही. त्यांच्या डोळ्यापुढे बँका होत्या, हायलायटर नव्हता.

पॉवर यांनी २००५ मध्ये कंपनी मॅकग्रॉ-हिलला विकली. २०२१ च्या जानेवारीत, वयाच्या ८९ व्या वर्षी ते गेले.

पुण्यात माझ्या मावसभावाने मध्यंतरी गाडी घेतली. डिलिव्हरीच्या वेळी हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला आणि कानाशी येऊन पोरगा म्हणाला, "सर, कंपनीतून फोन येईल, तेवढे दहा द्या."

मी दुसरी कोरी गाडी घेतली २०१४ साली, वेगळ्या शोरूममधून. तिची दुसरी किल्ली सापडत नव्हती. "उद्या पाठवतो," सेल्समन म्हणाला, आणि ड्रॉवर उघडला. आठवड्याने ईमेल आली. एक प्रश्न होता, गाडीसोबतच्या सगळ्या वस्तू वेळेवर मिळाल्या का? मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. मग दहा दिले, सगळीकडे दहा.

किल्ली त्यानंतर तीन आठवड्यांनी आली.