वऱ्हाडची शिरगणती आणि उद्याचा अंदाज

ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून लीळा जमविल्या, तेथे शिरगणतीची थोरवी निराळी सांगावयास नको. परंतु झालेले टिपणे वेगळे आणि व्हावयाचे मोजणे वेगळे. वऱ्हाडची लोकसंख्या १८८१ साली सुमारे २६ लाख ७० हजार होती. १८९१ साली ती २९ लाखांच्या घरात गेली. याच गतीने हिशेब मांडणाऱ्यास १९०१ साठी ३१ लाखांहून अधिक आकडा मिळाला असता. प्रत्यक्षात भरली साडेसत्तावीस लाख! मध्ये १८९९-१९०० चा दुष्काळ आणि त्याच्या मागोमाग रोगराई येऊन गेली होती. साडेतीन लाखांहून मोठी ही तफावत केवळ गणिताची चूक म्हणून आम्हांस पुसून टाकवत नाही. तीत मेलेली माणसे आहेत, गाव सोडून गेलेली आहेत आणि जन्मासच न आलेली मुलेही आहेत.

स्वतंत्र भारतात चूक उलट दिशेने झाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने १९६१ साठी ४० कोटी ८० लाख माणसे धरली. मोजणीत निघाली सुमारे ४३ कोटी ९० लाख. हिवताप हटत गेला, मृत्यू अपेक्षेहून लवकर घटले. धान्याचा हिशेब त्यामुळे चुकला खरा; पण या चुकीबद्दल योजनाकारांस बोल लावण्यास आमची जीभ रेटत नाही. २०२१ ची शिरगणती मात्र ठरल्या वर्षी झालीच नाही आणि पुढचे अंदाज २०११ च्या आकड्यांवरच बेतावे लागले, याची आम्हांस अधिक धास्ती वाटते.