‘अमुक बिन तमुक’: निघोजे गावातून पूर्वजांकडे जाणारी वाट

१/ खेड तालुक्यातील निघोजे आज चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मोडते. जमीन संपादित झाली की सातबाऱ्यावरील कुटुंबाचे नाव जाते. मग ‘आमचे मूळ याच मातीतले’ हे सांगण्यास उरतात जुने कागद. ते किती मागे नेतात?

२/ शोधाचा आरंभ वर्तमानातून होतो. फेरफार, शाळेचे जनरल रजिस्टर आणि जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. यांतील जुनी पाने बहुधा मोडीत असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची उणीव प्रकर्षाने जाणवली.

३/ त्यामागची पायरी पुण्याचे पेशवे दफ्तर. तेथे सुमारे ३५ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे आहेत. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामदारांकडे हक्काचे पुरावे मागितले. हक्क टिकविण्यासाठी सादर झालेल्या वंशावळी आज शोधकांच्या उपयोगी पडतात.

४/ कागदांत नाव येते ते ‘अमुक बिन तमुक’ असे. ‘बिन’ म्हणजे पुत्र. आडनाव अनेकदा नसतेच. त्यातच आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत, म्हणून तीच जोडी दोन पिढ्यांनी पुन्हा भेटते. वर्ष न पाहता नावे जुळविली, तर आजोबा आणि नातू एकच ठरतात.

५/ वर्षही सरळ लिहिलेले नसते. ‘सलास सबैन व अलफ’ हे अरबी शब्दांतील अंक आहेत: ३, ७० आणि १०००. म्हणजे शुहूर सन १०७३. त्यात ५९९ मिळविले की इ. स. १६७२-७३ येते.

६/ सर्वांत बोलका कागद महजर. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाडा लिहिला जाई. त्यावर पाटलाची नांगराची, शेट्याची तराजूची निशाणी असे. बलुतेदारही साक्षीला असत. ज्यांच्या नावे जमीन नव्हती, त्यांचे पूर्वज कधी कधी येथेच सापडतात.

७/ १६६० मध्ये शायिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा किल्ला लढवीत होता. अशा धामधुमीत गावे ओस पडत, वतनदार परागंदा होत. परतल्यावर हक्क मागताना ते घराण्याची हकीकत सांगत. तिला ‘करीना’ म्हणत. मात्र करीना हा दावेदाराचा जबाब असतो. प्रतिपक्षाचा कागद पाहिल्याविना तो इतिहास ठरत नाही.

८/ कागद जन्मतो कर, वतन किंवा तंट्यातून. ज्याने भांडण केले नाही आणि ज्याच्याकडे हक्क नव्हता, तो बहुधा नोंदीबाहेर राहिला. स्त्रिया तर वंशावळीत क्वचितच येतात. म्हणून सतराव्या शतकाच्या आसपास बहुतेक घराण्यांचा धागा तुटतो. तो जेथे तुटतो, तेथे थांबणे हाच प्रामाणिकपणा. त्यापुढे एखाद्या राजकुळाचे नाव जोडणे सोपे असते. पण त्याने खऱ्या पूर्वजाचे नाव पुसले जाते.