न घडलेल्या चोरीचा गौरव

सायबर सुरक्षा म्हणजे संगणक, संगणकांना जोडणारी जाळी आणि त्यांत साठवलेली माहिती अनधिकृत हातांपासून राखण्याचे शास्त्र व व्यवसाय. या व्यवसायातील असामान्य कामगिरीला पुरस्कार देण्याची प्रथा भारतात गेल्या दोन दशकांत रुजली असली, तरी तिच्या मुळाशी असलेला पेच संगणकाहून पुष्कळ जुना आहे. जे काम यशस्वी झाले की काहीच घडत नाही, त्या कामाचा गौरव कशाच्या आधारावर करायचा, आणि ज्याचे मोल गुप्ततेत आहे ते काम चारचौघांत कसे वाखाणायचे, हा तो पेच होय. नागपूर शहराच्या गेल्या दोनशे वर्षांत तो इतक्या वेगवेगळ्या रूपांत पुढे आला आहे, की या प्रथेचा इतिहास या एका शहराच्या आधाराने बराचसा मांडता येतो.

नागपूरवर राज्य करणाऱ्या भोसल्यांच्या काळी राज्याची माहितीव्यवस्था तीन प्रकारच्या माणसांवर उभी होती : पत्रे व तोंडी निरोप पोचवणारे हरकारे, शत्रूच्या मुलुखात वावरून बातमी आणणारे जासूद आणि दुसऱ्या दरबारी राहून तिथल्या घडामोडी नियमाने लिहून पाठवणारे अखबारनवीस. यांच्या वर दरबाराचा पत्रव्यवहार सांभाळणारे चिटणीस असत. मराठी राज्यात लेखणीच्या सेवेला मान मोठा होता. छत्रपती शिवाजी महाराजांच्या चिटणिशीचे काम पाहणारे बाळाजी आवजी यांच्या घराण्यात ती सेवा पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि इनाम म्हणजे करमाफ जमीन, पालखी, मानाची वस्त्रे अशा रूपांनी या वर्गाचा गौरव होत राहिला. जासुदाची गोष्ट निराळी होती. त्याला इनाम द्यायचे तर सनद लिहावी लागे, सनदेत कारण लिहावे लागे, आणि कारण लिहिले की तो माणूस त्या कामातून कायमचा बाद होई. म्हणून त्याच्या वाट्याला बहुतेक रोख बक्षीस आले, ज्याची नोंद खर्चाच्या बाजूला होते, कीर्तीच्या नव्हे. इतिहासकार सी. ए. बेली यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एम्पायर अँड इन्फर्मेशन’ या ग्रंथात दाखवले आहे, की ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने हिंदुस्थानात पाय रोवले ते मुख्यतः हीच देशी माहितीयंत्रणा आपल्या बाजूला वळवून. तरीही त्या यंत्रणेतील फारच थोड्या माणसांची नावे आज सांगता येतात.

सन्मान हा स्वतःच एक संदेश असतो, आणि तो चुकीच्या वेळी स्वीकारला तर गुपित फोडतो, याचे नागपुरातील सर्वांत बोलके उदाहरण १८१७ सालचे आहे. दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी वारल्यावर मुधोजी उर्फ आप्पासाहेब यांच्या हाती कारभार आला आणि त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. म्हणजे कंपनीची फौज राज्यात ठेवून तिचा खर्च सोसण्याचे आणि परराज्यांशी स्वतंत्र व्यवहार न करण्याचे मान्य केले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशवे दुसरे बाजीराव आणि इंग्रज यांच्यात लढाई जुंपली, तेव्हा आप्पासाहेबांचा पेशव्यांशी आतून चाललेला व्यवहार कंपनीचा दरबारातील प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, रिचर्ड जेंकिन्स याच्या संशयाचा विषय झालेलाच होता. संशयाला पुरावा हवा होता, आणि तो कोणा जासुदाला आणावा लागला नाही. २४ नोव्हेंबर रोजी भर दरबारात आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रे व सेनाप्रमुखपदाचा किताब स्वीकारला. महिनोन्‌महिने राखलेले गुपित एका समारंभाने उघड झाले. आणि दुसऱ्याच दिवशी तेलंगखेडीच्या छावणीतील कंपनीची पलटण सीताबर्डीच्या टेकड्यांवर व रेसिडेन्सीच्या आवारात येऊन उभी राहिली. आप्पासाहेबांच्या शौर्याविषयी मतभेद असू शकतात, पण त्यांच्या माहितीसुरक्षेविषयी फारसे चांगले बोलता येत नाही.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून २७ च्या दुपारपर्यंत चाललेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर जे गौरव झाले, त्यांची यादी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. कॅप्टन फिट्झजेराल्ड याच्या हाताखालील सहाव्या बंगाल घोडदळाच्या तुकडीने केलेला हल्ला इंग्रजी इतिहासांत अजरामर झाला. मद्रासच्या चोविसाव्या पायदळ पलटणीच्या पहिल्या बटालियनने तर बक्षीस म्हणून आपला जुना आकडा परत मागितला. १८०६ च्या वेल्लोरच्या उठावामुळे मद्रास लष्करातील पहिली पलटण मोडून तिचा क्रमांक पुसण्यात आला होता आणि तिच्या जागी चोविसावी उभारण्यात आली होती. सीताबर्डीच्या पराक्रमाबद्दल तो ‘पहिला’ क्रमांक शिपायांना परत देण्यात आला. रणांगणावरील शिपायांना पदक मिळायला मात्र १८५१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मंजूर झालेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकावर सीताबर्डी व नागपूर यांच्या नावाच्या पट्ट्या होत्या, पण ते पदक हयात असलेल्यांनाच द्यायचे असल्याने चौतीस वर्षांनंतर ते घ्यायला फार थोडे उरले होते. जेंकिन्स पुढे ‘सर’ झाला आणि कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्षही झाला. रेसिडेन्सीला दरबारच्या बातम्या पुरवणाऱ्या माणसांचा या सगळ्या मानमरातबात कुठेच उल्लेख नाही. मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांच्या अटकेला कारण झालेला गुप्त पत्रव्यवहार ज्यांच्या नजरेमुळे उघडकीस आला, त्यांचाही नाही.

इंग्रजी अमलात सन्मानाची भाषा बदलली. इनाम व वस्त्रांच्या जागी रावबहादूर, रायबहादूर, खानबहादूर या पदव्या आल्या आणि १९०९ पासून पोलिसांसाठी ‘किंग्ज पोलीस मेडल’ सुरू झाले. श्रेय मात्र वरच्या हुद्द्याकडेच वाहत राहिले. आज फोन उघडण्यापासून आधारच्या पडताळणीपर्यंत जिथे तिथे वापरल्या जाणाऱ्या बोटांच्या ठशांचे वर्गीकरण हे त्याचे ठळक उदाहरण आहे. कोलकात्यात १८९७ साली ठशांचा विभाग सुरू झाला, त्यामागची पद्धत ‘हेन्री पद्धत’ म्हणून जगभर गेली आणि एडवर्ड हेन्री लंडनच्या पोलीस दलाचा प्रमुख झाला. ज्या गणिती मांडणीमुळे हजारो ठशांतून हवा तो ठसा काही मिनिटांत काढता येऊ लागला, ती अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी अधिकाऱ्यांनी बसवली होती. त्यांना खानबहादूर व रायबहादूर या पदव्या मिळाल्या खऱ्या, पण त्या मिळेपर्यंत हेन्रीचे नाव पद्धतीला कायमचे चिकटले होते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने पदव्या रद्द केल्या आणि १ मार्च १९५१ रोजी राष्ट्रपतींची पोलीस पदके अस्तित्वात आली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेश राज्याची राजधानी होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मान गमावून बसले, पण लगेच पुढच्या वर्षी रामपूरहून हलवलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथे आले. या संस्थेचा इथे उल्लेख करण्याचे कारण असे, की सायबर सुरक्षेइतकाच प्रतिबंधावर उभा असलेला दुसरा व्यवसाय अग्निसुरक्षेचाच आहे आणि त्याने गौरवाचा प्रश्न आधी अनुभवला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. हे स्मरण योग्यच आहे. परंतु आगीत शिरणाऱ्याच्या शौर्याला जसे पदक आहे, तसे इमारतीचा नकाशा तपासून जिन्याची रुंदी वाढवायला लावणाऱ्या, आणि त्यामुळे मालकाचा रोष ओढवून घेणाऱ्या, तपासनिसासाठी नाही. त्याने फार तर दीर्घ व गुणवत्तापूर्ण सेवेच्या पदकाची वाट पाहावी.

गुप्तता आणि कीर्ती यांचे हाडवैर जगात अन्यत्र किती टोकाला गेले, हे संदेश गूढ लिपीत बदलण्याच्या शास्त्राच्या इतिहासात दिसते. आजच्या बँकव्यवहारांच्या पायाशी असलेली सार्वजनिक किल्लीची पद्धत, ज्यात कुलूप लावण्याची किल्ली जाहीर आणि उघडण्याची किल्ली खासगी असते, तिचे एक रूप ब्रिटनच्या गुप्त संस्थेतील क्लिफर्ड कॉक्स या गणितज्ञाने १९७३ साली शोधले होते. ते त्याने कुणाला सांगायचे नव्हते. अमेरिकेत व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मूळ कल्पना प्रसिद्ध केली, रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी लवकरच तिला व्यवहार्य रूप दिले, आणि संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार या तिघांना २००२ चा व पहिल्या दोघांना २०१५ चा मिळाला. कॉक्सचे काम जाहीर झाले ते १९९७ साली. ज्याच्या नावाने हा पुरस्कार दिला जातो, त्या ॲलन ट्युरिंगचेही युद्धकाळातील सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम त्याच्या हयातीत लोकांपुढे आले नाही.

भारतात या क्षेत्राला कायद्याची चौकट माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने दिली; तो १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्यानंतर २००४ मध्ये ‘सर्ट-इन’ ही संगणकीय संकटांना प्रतिसाद देणारी राष्ट्रीय संस्था काम करू लागली आणि २००८ मध्ये नॅसकॉम या उद्योगसंघटनेने डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया ही परिषद स्थापन केली. तिच्या पुरस्कारांत एक शाखा कंपन्यांची व दुसरी पोलिसांची असून ‘इंडिया सायबर कॉप’ हा पोलिसांसाठीचा सन्मान आहे. दोन शाखांतील फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. पोलीस अधिकाऱ्याला सांगण्यासारखी एक गोष्ट असते : गुन्हा घडला, माग काढला, आरोपी सापडला. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांच्या व्यवहारांतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, तेव्हा पुणे पोलिसांच्या तपासाला अशी गोष्ट मिळाली. कंपनीतील सुरक्षाप्रमुखाला मात्र आपल्याकडे झालेल्या हल्ल्यांची कबुली दिल्याशिवाय आपण ते कसे परतवले हे सांगता येत नाही, आणि ती कबुली ग्राहक व भागधारक यांच्या भीतीने कंपनी सहसा देत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटनांची खबर सहा तासांच्या आत द्यावी लागते, पण ती संस्थेला, जनतेला नव्हे. परिणामी उद्योगातील सन्मान बऱ्याच अंशी उमेदवाराने स्वतः भरलेल्या अर्जावर आणि खरेदी केलेल्या साधनसामग्रीच्या वर्णनावर ठरण्याचा धोका राहतो.

तिसरा वर्ग स्वतंत्र संशोधकांचा. ते दुसऱ्याच्या प्रणालीतील दोष शोधून मालकाला कळवतात आणि काही कंपन्या त्याबद्दल रोख रक्कम देतात. या पद्धतीला ‘बग बाउंटी’ म्हणतात व तिचा जाहीर आरंभ नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये केला. गोव्यात २०१० पासून भरू लागलेल्या ‘नलकॉन’ परिषदेने अशा संशोधकांना हक्काचे व्यासपीठ दिले. कायदा त्यांच्याकडे दोन नजरांनी पाहतो. अधिनियमाच्या ४३ व्या कलमाप्रमाणे परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्यावर भरपाईचे दायित्व येते, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर ६६ व्या कलमाखाली तो फौजदारी गुन्हा होतो; सद्‌हेतूने दोष शोधणाऱ्याला उघड संरक्षण देणारे कलम त्यात नाही. जासुदाची जुनी अडचण इथे उलट्या बाजूने आली आहे : तिथे कारण लिहिले तर माणूस कामातून जाई, इथे कारण सांगितले तर तो कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो.

नागपुरात या इतिहासाचे ताजे प्रकरण २०२४ साली सुरू झाले. गुन्ह्यांच्या तपासात व अंदाजात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी राज्य सरकारने ‘मार्व्हल’ नावाची सरकारी कंपनी स्थापन केली व तिची सांगड नागपूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेशी घातली. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने २०१८ पासूनच्या असाधारण आसूचना कुशलता पदकासह चार सन्मान एकत्र करून ‘केंद्रीय गृहमंत्री दक्षता पदक’ निर्माण केले. आसूचना म्हणजे गुप्तवार्ता. तिच्या नावाने पदक निघणे हीच जासुदांच्या इतिहासात मोठी घटना मानावी लागेल. या पदकाची क्षेत्रे चार आहेत : विशेष मोहीम, तपास, आसूचना आणि न्यायवैद्यक विज्ञान. मार्व्हलच्या प्रणालीने एखाद्या ठाण्यातील फसवणुकीच्या तक्रारींचा माग लावून दिला, तर तो तपासाच्या क्षेत्रात बसेल. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांना घालून दिलेल्या सायबर सुरक्षेच्या किमान नियमांची विदर्भातील एखाद्या छोट्या बँकेत वर्षानुवर्षे काटेकोर अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र या चौकटीत जागा नाही, कारण तो पोलीस नाही आणि त्याच्या बँकेत काही घडलेले नाही.