सत्र, सूत आणि समय : दूरदर्शनवरील महाकाव्यांतील श्रोत्याचा प्रश्न

दूरदर्शनवर प्रक्षेपित झालेले रामानंद सागर यांचे ‘रामायण’ (२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८) आणि बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ (२ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०) यांची चर्चा बहुतांशी राजकारणाच्या अंगाने झाली आहे. ती अनाठायी नव्हती. परंतु या माध्यमांतराचा एक पैलू निखळ वाङ्मयीन आहे आणि तो त्या राजकारणाच्याही मुळाशी जातो. ही कथा कोण कोणाला सांगतो, आणि कोणत्या प्रसंगी? संहितेने या प्रश्नाचे दिलेले उत्तर पडद्यावर बदलले. या बदलाचा हा विचार.

महाभारत जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितले जाते. व्यासशिष्य वैशंपायन ते सांगतो, तेही यज्ञकर्माच्या मधल्या अवकाशात. आणि तेथे ऐकलेली कथा उग्रश्रवा सौती नैमिषारण्यात शौनकाच्या बारा वर्षांच्या सत्रात पुन्हा सांगतो. म्हणजे कथन हे दोन्ही वेळा यज्ञकर्माच्या कुशीत आहे. ही निव्वळ रचनेची सोय नव्हे. पित्याच्या मृत्यूचा सूड म्हणून एका संपूर्ण जातीचा संहार मांडून बसलेला राजा आपल्याच पूर्वजांच्या कुलसंहाराची कथा ऐकतो, मध्येमध्ये प्रश्न विचारतो. आणि ते सत्र अखेर आस्तिकामुळे अपुरे राहते. कथेचा अर्थ या श्रोत्याशिवाय पुरा होत नाही.

चोप्रांच्या मालिकेत ही चौकट नाही. तिच्या जागी ‘समय’ आला : राही मासूम रझा यांचे शब्द आणि हरीश भिमाणी यांचा आवाज. युक्ती म्हणून ती अतिशय प्रभावी होती, हे मान्य केले पाहिजे. सूत, ऋषी, सत्र यांच्या गुंतागुंतीऐवजी कोणत्याही जातिपंथाचा नसलेला एक निवेदक कोट्यवधींच्या घरांत शिरू शकला. पण संहितेतील काल हा निवेदक नाही. तो भूतमात्रांना शिजवणारे, गिळणारे बळ आहे. त्याच्याविषयी बोलले जाते, तो कथा सांगत नाही. पडद्यावर तो बोलू लागला आणि बोलता बोलता शिक्षक झाला. मुख्य म्हणजे त्याला प्रश्न विचारणारा कोणी उरला नाही. मराठी वाचकाला हे विशेष जाणवावे. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) काय किंवा इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ (१९६७) काय, दोन्ही पुस्तके जनमेजयाच्या जागी बसून लिहिलेली आहेत.

याहून सूक्ष्म बदल युद्धपर्वांत आढळतो. भीष्मपर्वात संजय रणभूमीवरून परततो तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊनच. धृतराष्ट्राचा शोक होतो, आणि त्यानंतर तो मागचे सारे क्रमाने विचारू लागतो. भगवद्गीता या विचारण्याच्या ओघात येते. म्हणजे गीतेच्या आरंभीचा धृतराष्ट्राचा प्रश्न, आपला सेनापती पडला आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचा आहे. तो उत्सुकतेतून नव्हे, आघातातून आला आहे. मालिकेतला संजय मात्र घडते तसे सांगतो, क्रिकेटचे धावते समालोचन ऐकवावे तसे. दिव्यदृष्टी तीच आहे, पण कथनाचा काळ बदलला. आधी शेवट आणि मग कारणमीमांसा ही संहितेची रीत जाऊन पुढे काय होणार, हे कुतूहल उरले. साप्ताहिक मालिकेला तेच हवे असते.

जेथे विधी गळला तेथे विचारही पालटला. आदिपर्वात भरत आपल्या नऊ पुत्रांविषयी असमाधानी राहतो आणि मोठे यज्ञ करून भरद्वाजाकडून त्याला भुमन्यू हा पुत्र लाभतो. मालिकेच्या प्रारंभी हाच प्रसंग जन्म श्रेष्ठ की कर्म, या वादाचा होतो. राजा गुणांवरून वारस निवडतो. लोकशाहीतील प्रेक्षकाला उद्देशून केलेले हे पुनर्लेखन मला निंद्य वाटत नाही. आख्यानपरंपरा हेच करीत आली आहे. आमचा हरदासही उत्तररंगात आख्यान लावताना आजचा दाखला देतोच. फरक इतकाच, की तो दाखला आपला आहे हे हरदास लपवीत नाही. समय लपवतो.

पडद्यावरून गेलेला विधी प्रेक्षकांच्या घरी प्रकटला. रविवारी सकाळी स्नान करून मालिकेपुढे बसणे, संचाला हार घालणे, उदबत्ती लावणे हे प्रकार त्या काळी सर्वत्र दिसले. सत्रात कथा सांगितली जात होती. आता कथाच सत्र झाली. पण या सत्रात यजमान नव्हता आणि अवकाशही नव्हता.

या पार्श्वभूमीवर जालंधरचा १९८८ मधला संप मला फार महत्त्वाचा वाटतो. सागर यांची मालिका राज्याभिषेकाशी थांबणार हे कळताच तेथील सफाई कामगारांनी उत्तरकांड दाखवावे म्हणून काम बंद केले, आणि उत्तरेतील इतर शहरांत संप पसरला. हे कामगार वाल्मीकींना आपले आद्य गुरू मानणाऱ्या समाजाचे होते. मालिकेच्या आधारग्रंथांत वाल्मीकी, तुलसीदास, कंब यांच्याबरोबर एकनाथांच्या ‘भावार्थरामायणा’चाही निर्देश होता, ग्रंथांची वाण नव्हती. वाण होती ती कवीची. उत्तरकांडात वाल्मीकी परित्यक्त सीतेला आश्रय देतात, आणि त्यांचे शिष्य लव-कुश रामाच्या अश्वमेधात, पुन्हा नैमिषारण्यातच आणि पुन्हा यज्ञकर्माच्या अवकाशात, रामासमोर रामायण गातात. रामायणाचा नायक तेथे रामायणाचा श्रोता होतो, आणि ऐकता ऐकता आपले पुत्र ओळखतो. ज्यांना कोणी संहितेचे अधिकारी मानीत नव्हते, त्यांनी संहितेतील नेमके हेच स्थळ मागितले.

मागणी मान्य झाली. १९८८-८९ मध्ये पुढचा भाग प्रक्षेपित झाला, आणि लव-कुशांचे गायन त्यात आले. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवले तेव्हा ते संपताच ‘उत्तर रामायण’ही लागले, त्या वेळी ते कोणाला मागावे लागले नाही.