वतन ते नेमणूकपत्र : सरकारी नोकरी आपल्याला का हवी?

"सरकारी नोकरीच्या मागे काय लागता, धंदा करा!" असा फुकटचा सल्ला आंबेडकरी तरुणांना रोज मिळतो. यांना फक्त पगार, पेन्शन आणि आराम हवा, असा त्यामागचा सूर असतो. त्याला उत्तर आपल्या इतिहासात आहे.

सरकारचे काम आपल्या पूर्वजांना नवे नव्हते. महार हा वतनदार गावकामगार होता. निरोप पोचवणे, साऱ्यासाठी लोकांना बोलावून आणणे, आलेल्या अधिकाऱ्याची सरबराई करणे ही सारी त्याचीच कामे. पण या कामाला ना वेळ होती, ना ठरलेला पगार. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनी जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने राबायचे. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतने रद्द व्हायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला.

एकीकडे वतन सोडवत नव्हते, दुसरीकडे नोकरीची दारे बंद होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती थांबली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जविनंत्या केल्या. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९४३ मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा मिळवून दिल्या. पुढे संविधानात कलम १६(४) आले.

म्हणजे आपल्याला नोकरीचे आकर्षण नुसत्या पगाराचे नाही. लेखी नेमणूक, ठरलेले तास, ठरलेले वेतन आणि कलम ३११ प्रमाणे बाजू मांडू दिल्याशिवाय बडतर्फी नाही, यातली एकही गोष्ट वतनात नव्हती. नोकरी म्हणजे मर्जीतून सुटका.

आज तीच सुटका हिरावली जात आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. तरुणांच्या रेट्यामुळे तो ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला, पण कंत्राटीकरण थांबलेले नाही. कंत्राटदाराच्या मर्जीवरचे काम म्हणजे नव्या नावाचे वतनच.

म्हणून मित्रांनो, केवळ स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरून थांबू नका. आपल्या नगरपालिकेत किती पदे रिक्त आहेत, अनुशेष किती आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. कंत्राटी सफाई कामगाराच्या आंदोलनात उभे राहा. आपली नोकरी आणि त्याची नोकरी ही एकच लढाई आहे.

जय भीम!